आचरे, बाउहाउस आणि आपला स्लॅब



मालवणहून देवगडच्या रस्त्याला लागलं की वाटेत आचरे लागतं. रामेश्वराचं देऊळ, खाडी, माडाच्या बागा आणि गावपळण. दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं आणि त्या निमित्ताने आचऱ्याचं नाव पेपरात छापून येतं. पण याच आचऱ्यात १९१६ साली जन्मलेल्या एका मुलाने पुढे आय.आय.टी. कानपूरचा कॅम्पस डिझाइन केला, हे आपल्या हॉस्टेलमध्ये किती जणांना ठाऊक आहे? मी सहज विचारत फिरलो. गेटची तयारी करणाऱ्या, आय.आय.टी.चे कटऑफ तोंडपाठ असणाऱ्या पोरांनाही सांगता आलं नाही. त्यांचं नाव अच्युत पुरुषोत्तम कानविंदे.

कानविंद्यांची गोष्ट सांगायची तर आधी युरोपात जाऊन यावं लागेल. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत तिथे इमारती एकदम बदलल्या. कमानी गेल्या, नक्षी गेली, उतरती छपरं गेली आणि सपाट माथ्याची, सरळ रेषांची, मोठ्या खिडक्यांची इमारत आली. यालाच पुढे 'मॉडर्न आर्किटेक्चर' म्हणू लागले. आम्हा सिव्हिलवाल्यांना बीम, कॉलम, स्लॅबची गणितं भरपूर असतात. पण लोक असं बांधायला का लागले, हे कुठल्या युनिटमध्ये नाही. परीक्षेला येत नाही म्हणजे महत्त्वाचं नाही, असा आपला साधा हिशोब! हा लेख वाचायला सिव्हिलचं असायची गरज नाही. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, ऑफिसातला स्टाफ, मेसचे मामा, सगळ्यांनी वाचावा. घर सगळ्यांनाच लागतं.

भिंतीची सुटका

सुरुवात भिंतीपासून करू. जुन्या पद्धतीच्या इमारतीत भिंत दोन कामं करते. आडोसा देते आणि वरचं सगळं वजन पेलते. जेवढे मजले जास्त, तेवढी खालची भिंत जाड. अमेरिकेतल्या शिकागो शहरात १८९१ साली 'मोनॅडनॉक' नावाची सोळा मजली विटांची इमारत उभी राहिली. तिची तळमजल्याची भिंत सुमारे सहा फूट जाड आहे. सहा फूट म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या कॉटची लांबी! एवढी जागा भिंतीनेच खाल्ली तर दुकान कुठे मांडायचं आणि खिडकी कुठे काढायची?

त्याच शिकागोत १८८५ मध्ये 'होम इन्शुरन्स' ही दहा मजली इमारत लोखंडी-पोलादी सांगाड्यावर उभी राहिली होती. वजन सांगाड्यावर गेलं आणि भिंतीला फक्त आडोशाचं काम उरलं. ही कल्पना आपल्या कोकणी माणसाला फार नवीन वाटू नये. आपल्याकडच्या जुन्या मोठ्या घरांत माजघरात लाकडी खांब असतात, त्यांवर तुळया आणि त्यांवर वासे. छपराचा बराचसा भार खांबांवरून जमिनीत जातो. पावसाळ्यात पडवीला झड्या बांधतो, उन्हाळ्यात सोडतो. झड्या काढल्या म्हणून पडवीचं छप्पर पडत नाही, कारण ते खांबांवर असतं.

युरोपात लाकडाची जागा घेतली सळी घातलेल्या काँक्रीटने. काँक्रीट दाबाला दणकट, पण ताणाला अगदीच कच्चं. दाबाच्या साधारण दहावा हिस्सा ताण घेते. लोखंडी सळी ताण घेते. दोघांचं जमतं, कारण तापल्यावर दोन्ही जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात. नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात फारकत झाली असती! फ्रान्समधल्या जोसेफ मोनिए नावाच्या माळ्याने १८६७ साली झाडांच्या कुंड्यांसाठी याचं पेटंट घेतलं. माळीच तो, पण त्याने केलेलं काम आज आपण दोन सेमिस्टर शिकतो. पुढे १८९२ मध्ये हेनेबिक या कंत्राटदाराने बीम, कॉलम आणि स्लॅब एकसंध ओतण्याची पद्धत पेटंट केली. १९१४ मध्ये ल कॉर्ब्युझिए या तरुण आर्किटेक्टने एक साधं चित्र काढलं: सहा खांब, त्यांवर सपाट स्लॅब आणि वर जायला जिना. भिंती नाहीतच. भिंती ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे घालाव्यात. आज वेंगुर्ल्यापासून विजयदुर्गापर्यंत रस्त्याच्या कडेला जी अर्धवट बांधलेली घरं दिसतात, वर सळ्या काढून ठेवलेली, ती बघितलीत की हे चित्र बघितल्यासारखंच आहे.

नक्षी का गेली?

भिंत मोकळी झाली म्हणून नक्षी जायलाच हवी असं नाही. ती जाण्यामागे विचार होता. व्हिएन्नाच्या आडोल्फ लोस या आर्किटेक्टचं म्हणणं असं की, नक्षी कोरण्यात कामगाराचे तास जातात, मालाची नासाडी होते आणि फॅशन बदलली की सगळं जुनं वाटू लागतं. त्याने थेट राजवाड्यासमोर बिननक्षीची इमारत बांधायला घेतली. १९१० मध्ये नगरपालिकेने काम थांबवलं. लोक तिला 'भुवया नसलेलं घर' म्हणू लागले, कारण खिडक्यांवर नेहमीची नक्षीदार पट्टी नव्हती. शेवटी खिडक्यांना फुलांच्या पेट्या लावण्यावर तडजोड झाली.

मग पहिलं महायुद्ध झालं. जर्मनीत पैसा नाही, राहायला घरं नाहीत. आता प्रश्न सौंदर्याचा राहिला नाही. थोड्या पैशात, थोड्या जागेत, खूप लोकांना उजेड-वाऱ्याची घरं कशी द्यायची, हा झाला. फ्रँकफर्ट शहरात मार्गारेटे लिहोट्स्की या आर्किटेक्ट बाईंनी १९२६ मध्ये एक स्वयंपाकघर आखलं. स्वयंपाक करताना किती पावलं चालावं लागतं, कुठल्या कामाला किती वेळ लागतो, हे त्यांनी कारखान्यातल्या टाइम-मोशन स्टडीसारखं तपासलं. रेल्वेच्या डायनिंग कारचं स्वयंपाकघरही अभ्यासलं. निघालं १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं किचन. ओटा, सिंक, फळ्या, सगळं हाताच्या अंतरावर. अशी सुमारे दहा हजार किचन बसवली गेली. आपण आज ज्याला मॉड्युलर किचन म्हणून लाखभर रुपये देतो, त्याची ही पणजी.

१९२९ साली याच फ्रँकफर्टमध्ये मॉडर्न आर्किटेक्टांची मोठी परिषद भरली. विषय होता, माणसाला नीट जगायला कमीत कमी किती घर लागतं? मला हे वाचताना गावपळणीच्या झोपड्या आठवल्या. तीन दिवसांसाठी काय लागतं? डोक्यावर छप्पर, चूल मांडायला जागा, पाणी जवळ, आणि वारा येईल असं तोंड. आचरेकरांना या विषयावर परिषद भरवायची गरज पडली नसती.

ग्रोपियसची शाळा

या सगळ्या विचारांची शाळा म्हणजे बाउहाउस. वाल्टर ग्रोपियस या आर्किटेक्टने १९१९ मध्ये जर्मनीतल्या वायमार गावी ती काढली. इथे चित्रकार आणि सुतार, विणकर आणि लोहार एकाच छपराखाली शिकवत. हाताने वस्तू करायची, पण कारखान्यात हजारोंनी निघेल अशी करायची. मार्सेल ब्रॉयर या इथल्याच माणसाने १९२५ च्या सुमारास वाकवलेल्या स्टीलच्या नळीची खुर्ची केली. कल्पना सुचली म्हणे सायकलच्या हँडलवरून! आपल्या कॅन्टीनमधल्या नळीच्या खुर्च्यांचं मूळ तिथे आहे.

१९२५ मध्ये ही शाळा देसाऊ शहरात गेली आणि पुढच्या वर्षी ग्रोपियसनेच डिझाइन केलेली तिची नवी इमारत तयार झाली. वर्कशॉपला आख्खी काचेची भिंत, कारण वर्कशॉपला उजेड हवा. क्लासरूमला आडव्या खिडक्या. आणि हो, हॉस्टेलसुद्धा! अठ्ठावीस स्टुडिओ-खोल्या आणि दर्शनी बाजूला छोट्या बाल्कन्या. आपल्या रेक्टर साहेबांनी हे वाक्य वाचलं नाही तरी चालेल. मुद्दा असा की, प्रत्येक भाग बाहेरून वेगळा दिसतो, कारण आतलं काम वेगळं आहे. बाहेरून कसं दिसावं हे आधी ठरवून मग आत खोल्या कोंबलेल्या नाहीत.

हिटलरची सत्ता आल्यावर १९३३ मध्ये बाउहाउस बंद पडलं. शिक्षक देशोधडीला लागले. ग्रोपियस १९३७ मध्ये अमेरिकेत हार्वर्डला शिकवायला गेला. आणि आता आपल्या गोष्टीत आचऱ्याचा मुलगा येतो.

आचरे ते हार्वर्ड

अच्युत कानविंदे दोन वर्षांचे असताना त्यांची आई गेली. लहानपण आचऱ्यात मोठ्या कुटुंबात गेलं. वडील मुंबईत चित्रकलेचे शिक्षक. मुलालाही चित्रांची ओढ. पण १९३५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी आर्किटेक्चरला प्रवेश घेतला. विभागाचे प्रमुख होते क्लॉड बॅटली हे इंग्रज. इथल्या हवामानाला आणि जुन्या भारतीय इमारतींना समजून घ्या, असा त्यांचा आग्रह असे.

मुंबई तेव्हा नव्याने उभी राहत होती. भारतात सिमेंट १९१४ पासून पोरबंदरला तयार होऊ लागलं होतं, १९३६ मध्ये ए.सी.सी. कंपनी झाली, आणि समुद्र हटवून काढलेल्या बॅकबेच्या जमिनीवर मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या गोल कोपऱ्यांच्या, लांब गॅलऱ्यांच्या इमारती रांगेने उभ्या राहत होत्या. त्या शैलीला आर्ट डेको म्हणतात. त्यांतल्या ओव्हलच्या परिसराला २०१८ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा मिळाला. गिरगावातल्या खोलीत दहा-दहाजण राहणारा आपला चाकरमानी त्याच काळात याच मुंबईत होता. काँक्रीट म्हणजे प्रगती, ही समजूत गणपतीला गावी येताना तो पेटीतून घेऊन आला असणार.

कानविंदे शिकून सी.एस.आय.आर. या नव्या सरकारी वैज्ञानिक संस्थेत गेले. देशाला प्रयोगशाळा बांधायच्या होत्या आणि त्या कशा बांधतात हे शिकायला हवं होतं. १९४५ मध्ये सरकारने त्यांना हार्वर्डला पाठवलं आणि तिथे ते ग्रोपियसच्या हाताखाली शिकले. १९४७ मध्ये परतले. अहमदाबादला कापड गिरण्यांच्या संशोधनासाठी 'अटिरा' ही संस्था उभी राहत होती. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी तिची इमारत केली. सरळ रेषा, आडव्या खिडक्या, नक्षीला फाटा. गुरूची छाप चटकन ओळखू येते. १९५५ मध्ये शौकत राय यांच्यासोबत त्यांनी दिल्लीत स्वतःची फर्म काढली.

कानपूरचा उन्हाळा

आय.आय.टी. कानपूर १९५९ मध्ये सुरू झाली. पहिले संचालक डॉ. पु. का. केळकर. हजारेक एकर सपाट माळ, मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांवर, लू वाहते, आणि पुढे दोन-अडीच महिने पाऊस. इथे देसाऊची काचेची भिंत लावली असती तर विद्यार्थी भाजून निघाले असते.

कानविंद्यांनी काय केलं? काँक्रीटची चौकट तशीच उघडी ठेवली आणि मध्ये विटांच्या भिंती घातल्या. प्लास्टर नाही, रंग नाही. गंगेच्या मैदानात विटा चांगल्या मिळतात आणि त्यांना दर दिवाळीला रंग काढायला लागत नाही. लायब्ररी आणि लेक्चर हॉल मधोमध ठेवले, कारण सगळ्यांना तिथेच यायचं असतं. विभागांच्या इमारती एकमेकींना पहिल्या मजल्याच्या उंचीवरच्या रस्त्यांनी जोडल्या. वरून चालणाऱ्याला विभागातून विभागात जायला खाली उतरावं लागत नाही, खालून चालणाऱ्याला सावली. गाड्या वेगळ्या, माणसं वेगळी. आपली पडवी जे काम एका घरासाठी करते, ते काम हे रस्ते अख्ख्या कॅम्पससाठी करतात.

पुढे त्यांनी गुजरातेत मेहसाण्याला 'दूधसागर' डेअरी केली. डेअरीत वाफ आणि उकाडा फार. तो बाहेर काढण्यासाठी छपरावर उंच हवेची धुराडी घेतली आणि तीच त्या इमारतीची ओळख बनली. शोभेसाठी एकही नाही. मुंबईचं नेहरू सायन्स सेंटर, जिथे शाळेच्या ट्रिपला आपल्यातले कितीतरी जाऊन आलेत, तेही त्यांचंच. पुण्याची एन.आय.बी.एम. ही बँकांची संस्था त्यांचीच. १९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २००२ साली ते गेले.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ग्रोपियसकडून कानविंदे सपाट छप्पर आणि काच घेऊन आले असते तर ते नकलाकार ठरले असते. ते घेऊन आले ग्रोपियसचा प्रश्न: ही इमारत कशासाठी, इथे काय मिळतं, ऊन-पाऊस कसा आहे? प्रश्न जर्मनीचा होता, कानपुरात त्याचं उत्तर वेगळं आलं.

आणि आपला स्लॅब

आता आपल्याकडे या. आपण मात्र उत्तर उचललं आणि प्रश्न तिकडेच ठेवला.

आमच्या वाडीत गेल्या वीस वर्षांत निम्मी कौलारू घरं पाडून स्लॅबची झाली. कारणं खोटी नाहीत. वासे वाळवी खाते, कौलं शाकारायला माणूस मिळत नाही, माकडं उच्छाद मांडतात. मुंबईचा मुलगा पैसे पाठवतो, कंत्राटदार शेजारच्या घराचाच प्लॅन काढतो. माझी आजी मात्र स्लॅबच्या घरात राहायला गेल्यावर पहिल्याच मेमध्ये म्हणाली, "ह्या घर नाय, तापलेलो तवो आसा." तिचं म्हणणं थर्मलच्या पेपरात लिहिलं तरी मार्क मिळतील. पाच-सहा इंच जाडीचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडतो. कौलारू छप्पर पातळ, शिवाय कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावर ज्यांनी पी.एल.चा अभ्यास केला आहे त्यांना आणखी सांगायला नको.

दुसरं पावसाचं. कानपूरला वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे ३००० च्या आसपास. सपाट छप्पर गळणं ही कोकणाचीच खोड नाही. ल कॉर्ब्युझिएने पॅरिसजवळ बांधलेलं 'व्हिला सव्वा' हे १९३१ चं घर जगभरच्या पुस्तकांत छापलं जातं. त्याच्या मालकीणबाई वर्षानुवर्षं त्याला तक्रारीची पत्रं लिहीत होत्या, घर गळतं म्हणून! आपल्याकडे लोकांनी यावर उपाय शोधला आहे. स्लॅबवर पुन्हा लोखंडी अँगल आणि पत्र्याची शेड. म्हणजे छपराचे पैसे दोनदा.

तिसरं खाऱ्या हवेचं, आणि हे सर्वांत धोक्याचं. चांगल्या काँक्रीटच्या आत सळीवर एक पातळ संरक्षक थर असतो, म्हणून ती गंजत नाही. समुद्रावरच्या हवेतले क्लोराइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत शिरतात आणि तो थर मोडतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे आतून काँक्रीट फुटतं आणि सिलिंगचे पापुद्रे पडतात. म्हणूनच आय.एस. ४५६ हे आपलं कोड किनारपट्टीवरच्या उघड्या काँक्रीटला 'सिव्हिअर' वर्गात टाकतं: सळीवर ४५ मिलिमीटर कव्हर आणि किमान एम-३० काँक्रीट. साध्या कोरड्या हवेत हेच कव्हर २० मिलिमीटर चालतं. आता तुम्हीच तुमच्या गावात चालू असलेल्या एखाद्या साइटवर जाऊन कव्हर ब्लॉक मोजा. ब्लॉक दिसले तर! बऱ्याचदा सळीखाली खडीचा तुकडा सरकवलेला असतो आणि काँक्रीट चार-दोन दिवस पाणी मारून सोडून दिलेलं असतं.

याचा अर्थ सगळ्यांनी पुन्हा कौलं चढवावीत, असं मी म्हणत नाही. ते महागही पडेल आणि वासे कुठून आणणार? चौकट काँक्रीटची ठेवून बाकी विचार आपला करता येतो. चिरा आपल्या जमिनीतच निघतो. तो प्लास्टरखाली गाडण्यापेक्षा नुसत्या दरजा भरून ठेवला तरी चांगला दिसतो. स्लॅब उतरता ओतता येतो. पावसाची झड भिंतीवर येऊ नये म्हणून छप्पर तीन फूट पुढे काढता येतं. समोरासमोर खिडक्या ठेवल्या तर पंखा कमी लागतो. वरच्या मजल्याच्या माथ्याशी गरम हवा निघायला झरोके ठेवता येतात. मेहसाण्याच्या डेअरीत तेच केलं आहे. आणि कव्हर ब्लॉकला पैसे फार लागत नाहीत, लक्ष लागतं.

हे सगळं मी आमच्या घरी बोलून दाखवलं. चर्चा अजून चालू आहे, कारण काकांना शेजाऱ्यासारखाच स्लॅब हवा आहे. पण निदान आता 'किती स्क्वेअर फूट' याच्या आधी 'नैर्ऋत्येचा पाऊस कुठल्या भिंतीवर येतो' हा प्रश्न विचारला जातो.

मित्रांनो, आपल्यातले निम्मे तरी पुढे कुठे ना कुठे साइटवर असतील, आणि बाकीचे कधीतरी स्वतःचं घर बांधतील. ड्रॉइंग हातात आलं की आधी एवढं विचारा: ऊन कुठून, पाऊस कुठून, आणि घरातलं माणूस दुपारी कुठे बसणार? आणि गेटमध्ये चांगला स्कोअर येऊन कुणी कानपूरला गेलात, तर त्या वरच्या रस्त्यांवरून एकदा मुद्दाम चाला. तिथल्या पोरांना सांगा, हे आमच्या आचऱ्याच्या माणसाने केलंय.